सिकंदर बेगमने कर्जात बुडालेलं भोपाळ कसं सावरलं : एक प्रकरण अभ्यास

भोपाळच्या बेगमांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा एका दमात सांगून टाकलेलं असतं, म्हणजे 1819 ते 1926 या काळात चार बायकांनी राज्य केलं, शाळा काढल्या, दवाखाने काढले, मशिदी बांधल्या, झालं. मध्ये काही वर्षं एक नवाब गादीवर होता आणि त्याने बायकोवर तलवार उगारली होती हे वगळलेलं असतं, संस्थानावर कर्ज किती होतं ते वगळलेलं असतं, आणि बाईच्या नावावर गादी कायद्याने कधी आली हा सगळ्यात मोठा मुद्दा तर कुणी विचारतही नाही. म्हणून इथे चारही बेगमा न घेता एकच केस नीट बघूया, सिकंदर बेगम, साधारण 1847 ते 1868. माझं मत सुरुवातीलाच सांगते, भोपाळची खरी सुधारणा महसूल खात्यातून सुरू झाली, शाळा नंतर आल्या, आणि तो महसुलाचा कारभार हीच तिची हक्काची लढाई होती.

आधी काय होतं

दोस्त मोहम्मद खान नावाच्या अफगाण सरदाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे राज्य उभं केलं. जागा माळव्याच्या तोंडावर, आणि चहूबाजूंनी मराठी सत्ता. थोरल्या बाजीरावाने 1737 च्या शेवटी निजामाला कोंडलं ते याच भोपाळात, आणि पुढचा तह झाला तो सिहोरजवळच्या दोराह्याला. नंतर 1812-13 मध्ये ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले या दोघांच्या फौजांनी मिळून भोपाळला कित्येक महिने वेढा घातला, शहर उपाशी राहिलं पण पडलं नाही, वजीर मोहम्मद खानाने ते टिकवलं. आपल्याकडे हा प्रसंग फारसा कुणाला आठवत नाही, पण भोपाळवाल्यांच्या आठवणीत तो पक्का आहे, आणि 1818 ला त्यांनी कंपनी सरकारशी तह करायची एवढी घाई का केली ते या वेढ्यावरून कळतं.

तहाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच 1819 मध्ये तरुण नवाब नजर मोहम्मद खान पिस्तुलाची गोळी लागून गेला. त्याच्या लहानग्या मेव्हण्याच्या हातून पिस्तूल चुकून उडालं असं सांगतात. मागे राहिली विशीच्या आतबाहेरची विधवा कुदसिया बेगम आणि जेमतेम सव्वा वर्षाची मुलगी सिकंदर. कुदसियाने सरदारांसमोर उभं राहून सांगितलं की गादी माझ्या मुलीची, ती मोठी होऊन लग्न करेल तेव्हा तिचा नवरा नवाब होईल, तोवर कारभार मी बघणार. आणि ते मान्य झालं. कंपनीनेही मान्य केलं. पुढे तिने पडदा सोडला, घोड्यावर बसायला शिकली, आणि तिच्या कारभाऱ्यांमध्ये एक मुसलमान, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन होता, तो ख्रिश्चन म्हणजे भोपाळात स्थायिक झालेल्या बोर्बन घराण्यातला शहजाद मसीह.

पण ही तडजोड नीट बघा. बाईला कारभार मिळाला तो मुलीची आई म्हणून, आणि मुलीला गादी मिळणार ती नवऱ्याच्या हातात द्यायला. म्हणजे बाई फक्त मधली सांभाळणारी. याच अटीने पुढे सगळं रामायण घडवलं. ज्याच्याशी सिकंदरचं लग्न ठरलं होतं त्या मुनीर मोहम्मदला लग्नाआधीच सत्ता हवी होती, म्हणून ते मोडलं आणि त्याच्याच भावाशी, जहांगीर मोहम्मद खानाशी, 1835 मध्ये लग्न झालं. त्यालाही घाई. सासूविरुद्ध त्याने थेट फौज उभी केली, शेवटी कंपनीने मध्ये पडून 1837 ला त्याला नवाब केलं आणि कुदसियाला जहागीर देऊन बाजूला बसवलं. 1838 मध्ये सिकंदर गरोदर असताना नवऱ्याने तिच्यावर तलवार चालवली. ती वाचली, आईबरोबर इस्लामनगरच्या गढीत निघून गेली, आणि तिथेच शाहजहान बेगमचा जन्म झाला. पुढची सहाएक वर्षं ती तिथेच होती. ज्या राज्याची ती जन्मापासूनची वारस, त्या राज्याच्या राजधानीपासून काही मैलांवर, आणि कारभारात तिला काडीचा अधिकार नाही.

1844 च्या डिसेंबरमध्ये जहांगीर गेला. मृत्युपत्रात त्याने गादी दुसऱ्या बाईपासून झालेल्या मुलाला ठेवली होती, ते ब्रिटिशांनी नाकारलं आणि सहा वर्षांच्या शाहजहानला वारस ठरवलं. मग प्रश्न आला कारभार कुणाचा. सिकंदर हयात, वय सव्वीस-सत्तावीस, राज्याची वारस, आणि तरी मुख्य कारभारी नेमला तिचा मामा फौजदार मोहम्मद खान. दोन-अडीच वर्षं दोघांची ओढाताण चालली, कारभार अजून विस्कटला, आणि 1847 मध्ये मामाने राजीनामा दिला तेव्हा कुठे संपूर्ण सूत्रं तिच्याकडे आली.

तिच्या हातात काय आलं

सुमारे 30 लाख रुपयांचं कर्ज. महसूल इजाऱ्याने दिलेला, म्हणजे सरकारला ठरावीक रक्कम आगाऊ देणाऱ्या माणसाला परगणाच्या परगणा लिहून द्यायचा आणि मग त्याने रयतेकडून किती पिळून काढायचं ते त्याचं तो बघणार. जो इजारदार दोन-तीन वर्षांसाठी आलाय त्याला विहीर, बांध, पुढच्या साली बियाणं उरेल की नाही याच्याशी काय देणंघेणं असणार, आणि संस्थानाला तरी कर्जाच्या हप्त्यासाठी आजच रोख हवी असल्यामुळे ते इजारे बंद करायची कुणाची हिंमत नाही. कर्जामुळे इजारा आणि इजाऱ्यामुळे उत्पन्न घटून पुन्हा कर्ज. त्यात कित्येक धंद्यांचे आणि कारागिरीचे मक्ते ठरावीक लोकांकडे, टांकसाळ दुसऱ्याच्या ताब्यात, सैन्य सरदारांच्या हुकमातलं.

आणि या सगळ्यावर बाहेरून कोण नजर ठेवून होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. तिने सूत्रं घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1848 मध्ये, साताऱ्याचं राज्य खालसा झालं. 1854 मध्ये नागपूर आणि झाशी गेली. नागपूरच्या राण्यांचं कुणी ऐकलं नाही, लक्ष्मीबाईंच्या अर्जांचं काय झालं ते शाळेतलं पोरही सांगेल. तिथे दत्तकाचा मुद्दा होता आणि भोपाळात तो नव्हता हे खरं, पण 1856 ला अवध घेतलं ते तर सरळ कारभार वाईट आहे म्हणून घेतलं. गादीवर अल्पवयीन मुलगी, कारभार विधवेकडे, डोक्यावर 30 लाखांचं कर्ज आणि अख्खी रयत इजारदारांच्या तावडीत, यापेक्षा सोपं निमित्त कंपनीला कुठे मिळालं असतं? म्हणून तिच्या हिशेबाकडे मी नुसतं चांगलं घर चालवणं म्हणून बघत नाही. तिने ते निमित्तच शिल्लक ठेवलं नाही.

काय केलं

पहिलं म्हणजे इजारे बंद. गावोगावच्या मुखियांशी सरकारने थेट करार केले, मधला माणूस काढला. धाडसाचं काम आहे हे, कारण आगाऊ रोख येणं थांबतं आणि जे इजारदार दुखावले जातात ते साधे लोक नसतात, दरबारातल्याच वजनदार माणसांचे हात त्यात असतात. थेट वसुली करायची तर गावात काय पिकतं, किती जमीन कसली जाते ते सरकारला माहीत पाहिजे, आणि ती माहिती इतकी वर्षं फक्त इजारदाराकडे होती. म्हणून मग मोजणी, म्हणून नोंदी, आणि म्हणून तिचे स्वतःचे दौरे. ती पडद्यात नव्हती, घोड्यावर बसून परगण्यात जायची, आणि माझ्या मते तिच्या पडदा न पाळण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला. दरबारात उघड्या चेहऱ्याने बसणं ही दिसणारी गोष्ट आहे, त्याबद्दल परदेशी प्रवाशांनी भरभरून लिहिलंय, पण गावात जाऊन वही तपासता येणं ही कामाची गोष्ट.

दुसरं, राज्याची नवी वाटणी. तीन जिल्हे, त्याखाली एकवीस उपविभाग, प्रत्येक ठिकाणी नेमलेला अधिकारी, आणि तो कुणाचा भाऊ किंवा जावई म्हणून नाही तर सरकारचा माणूस म्हणून उत्तरदायी. धंद्यांचे मक्ते रद्द केले. टांकसाळ सरकारच्या ताब्यात घेतली. पोलीस नव्याने उभे केले. जकातीचं ऑफिस, सचिवालय, टपाल, न्यायालयं आणि वर अपील कोर्ट, हे सगळं याच दोन दशकांत आलं. सरदार आणि जाणकारांची मजलिस-ए-शूरा नेमली, सल्ला घ्यायला. ती काही निवडून आलेली सभा नव्हती आणि शेवटचा शब्द बेगमचाच होता, पण ज्या सरदारांच्या हातून इजारे आणि सैन्य काढून घेतलं त्यांना बसायला आणि बोलायला एक जागा दिली हे शहाणपण आहे. दरबारी भाषा फारसीवरून उर्दू केली, म्हणजे अर्ज वाचून घ्यायलाही मुन्शी शोधावा लागायचा तो त्रास कमी झाला.

हे सगळं एकटीने नाही केलं. मौलवी जमालुद्दीन खान हा दिल्लीकडचा विद्वान माणूस तिचा मुख्य मंत्री होता आणि तो तिच्या नंतरही टिकला. कंपनीचा पोलिटिकल एजंट सुरुवातीच्या वर्षांत जोसेफ कनिंगहॅम होता, शिखांचा इतिहास लिहिणारा तोच. पण निर्णय तिचे होते, आणि रिझल्ट काय तर सहा वर्षांत सगळं सरकारी कर्ज फिटलं. सहा वर्षं!! इजारे बंद करून, मक्ते रद्द करून, म्हणजे झटपट पैसा येणाऱ्या दोन्ही वाटा स्वतःच्या हाताने बंद करून हे केलंय, ते वाचून मला अजूनही भारी वाटतं.

मुलींची शाळा, हस्तकला शिकवणारी, व्हिक्टोरियाच्या नावाची, तिच्याच काळातली आणि मुलांच्या देशी भाषेतल्या शाळाही. पण यांचा आकार त्या वेळी छोटा होता हे मान्य केलं पाहिजे. उलट शाळेला दरवर्षी पैसा देऊ शकेल असं सरकार आधी उभं राहिलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढे नातीने, सुलतान जहान बेगमने, शिक्षणात जे केलं ते या पायावर.

हक्काचा कागद

कर्ज फिटलं पण ती अजूनही मुलीच्या वतीनेच कारभार बघत होती, आणि जुनी अट तशीच डोक्यावर, शाहजहानचं लग्न झालं की जावई नवाब. स्वतःच्या बाबतीत ती अट काय करून बसली हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. म्हणून 1855 मध्ये शाहजहानचं लग्न बाकी मोहम्मद खानाशी ठरवताना तिने ब्रिटिशांकडून आधी कबूल करून घेतलं की राज्य शाहजहानचं स्वतःचं राहील, नवऱ्याला नवाब हा किताब मिळेल, सत्ता नाही. एका वाक्याचा बदल, पण 1819 पासूनची अट तिथे तुटली. मग दुसरा टप्पा, तिचा स्वतःचा दावा, की नजर मोहम्मदची वारस मी, मला डावलून माझ्या मुलीला गादी दिली तेव्हाच चूक झाली. शाहजहानने आईसाठी आपला हक्क सोडला आणि 1860 मध्ये सिकंदर बेगम स्वतःच्या नावाने राज्यकर्ती झाली, मुलगी वारस. राज्याची वारस म्हणून जन्माला आली ती साधारण 1818 ला, आणि हक्क मिळाला 1860 ला.

या दोन टप्प्यांच्या मध्ये 1857 येतं, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1818 च्या तहानुसार सिहोरला भोपाळ कंटिंजेंट ही फौज होती, खर्च भोपाळचा, हुकूम इंग्रजांचा. इंदूरला उठाव झाल्यावर तिथला एजंट ड्युरँड पळून सिहोरला आला आणि तिथून होशंगाबादकडे गेला. ऑगस्टमध्ये सिहोरच्या शिपायांनी स्वतःचं सरकार जाहीर केलं, सिपाही बहादूर सरकार. घरात तिच्या आईचं, भोपाळात मौलवींचं, शिपायांचं, सगळ्यांचं म्हणणं इंग्रजांविरुद्ध उठायचं. ती इंग्रजांच्या बाजूने राहिली, ठामपणे. जानेवारी 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज सिहोरला आली आणि शंभराहून जास्त शिपाई मारले गेले. आंबापाणीचा जहागीरदार फाजिल मोहम्मद खान, तिच्याच राज्यातला, त्याला राहतगडला फाशी दिली. हाच ह्यू रोज मार्चमध्ये झाशीच्या तटाखाली उभा होता आणि त्याच्या फौजेला रसद पुरवणाऱ्यांत भोपाळ होतं.

मराठी माणसाला हे वाचून त्रास होतो, मलाही होतो. बेरासियाचा परगणा तिला बक्षीस मिळाला तो धारच्या पवारांकडून काढून घेऊन दिलेला होता, हेही त्यातच. तिने वाचवलेलं राज्य खरं आणि सिहोरला मारले गेलेले शिपाईही खरे. 1860 चा हक्काचा कागद तिच्या वीस वर्षांच्या भांडणामुळे आणि चोख कारभारामुळे मिळाला असं म्हणता येतं, पण 1857 ला ती दुसरीकडे उभी राहिली असती तर तो मिळाला नसता हेही तितकंच सरळ आहे, आणि तिच्या सुधारणांचं कौतुक करताना ही किंमत लपवायची मला इच्छा नाही. इंग्रजांकडे मिळालेल्या त्याच वजनाचा वापर तिने दिल्लीत केला, उठावानंतर इंग्रजांनी बंद करून ठेवलेली जामा मशीद पुन्हा मुसलमानांच्या हाती आली त्याचं बरंच श्रेय तिला देतात.

हजच्या प्रवासातली वही

1863 च्या अखेरीस ती आईला आणि शेकडो माणसांचा लवाजमा घेऊन मुंबईला आली आणि जहाजाने जेद्दाहला गेली. हजला जाणारी ती पहिली भारतीय राज्यकर्ती मानली जाते. या प्रवासाची हकिगत तिने उर्दूत लिहिली आणि पुढे 1870 मध्ये, म्हणजे ती गेल्यावर, पोलिटिकल एजंटच्या बायकोने केलेलं इंग्रजी भाषांतर छापून आलं. भक्तीचं वर्णन शोधायला गेलात तर त्यात कमी सापडेल. तिचं लक्ष जेद्दाहच्या जकात नाक्यावर सामान कसं तपासतात, मक्केतले रस्ते किती घाण, तिथले अधिकारी यात्रेकरूंकडून पैसे कसे काढतात, तुर्की सुलतान एवढा पैसा पाठवतो तो जातो कुठे, यावर. कुदसिया बेगम मात्र सढळ हाताने दान करत होती आणि त्यामुळे मागणाऱ्यांची एवढी गर्दी लोटायची की मुलगी वैतागून जायची. मला सिकंदर बेगम सगळ्यात स्पष्ट दिसते ती इथे, पवित्र शहरात उभी राहूनही नगरपालिकेचा हिशेब मागणारी बाई.

पुढे काय टिकलं

1868 च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली. शाहजहान बेगमने तेहतीस वर्षं राज्य केलं, ती शायरी करायची, बायकांसाठी मोठं पुस्तक लिहिलं, ताजुल मसाजिद ही मोठी मशीद बांधायला सुरुवात केली, इंग्लंडात वोकिंगला 1889 मध्ये बांधलेल्या मशिदीला पैसा दिला, भोपाळला रेल्वे आणली. दुसऱ्या लग्नानंतर ती पडद्यात गेली आणि दुसरा नवरा, सिद्दीक हसन खान, जो स्वतः मोठा धर्मपंडित, त्याचा कारभारात शिरकाव इतका वाढला की 1885 मध्ये ब्रिटिशांनी त्याचे किताब काढून घेतले. परगण्यात जाऊन वही तपासणं थांबलं. शेवटच्या वर्षांत दुष्काळ आला, आणि 1891 ला साडेनऊ लाख असलेली संस्थानची लोकसंख्या 1901 च्या जनगणनेत पावणेसात लाखांच्याही खाली. दुष्काळ सगळीकडेच भयंकर होता, सगळा दोष कारभारावर टाकता येणार नाही, पण सिकंदरची सिस्टीम राज्यकर्त्याच्या स्वतःच्या नजरेवर किती अवलंबून होती ते या आकड्यात दिसतं. मजलिसला खरे अधिकार दिले असते तर कदाचित ती सिस्टीम आपल्या पायावर उभी राहिली असती. या केसमधली ही सगळ्यात मोठी उणीव मला वाटते.

1901 ला सुलतान जहान बेगम आली तेव्हा तिजोरी जवळपास रिकामी, आणि सहा-सात महिन्यांत नवरा वारला. तिने काय केलं तर आजीने केलं तेच, स्वतः बुरख्यात असूनही जिल्ह्यांचे दौरे काढले आणि महसुलाची घडी आधी बसवली. शाळा त्यानंतर, मग दाईंचं ट्रेनिंग, बायकांचे दवाखाने, 1918 मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण, आणि 1920 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती.

गादीच्या हक्काचं पुढे वेगळंच झालं. 1924 मध्ये सुलतान जहानचे मोठे दोन्ही मुलगे गेले, मग नातू की धाकटा मुलगा हमीदुल्ला असा वाद थेट लंडनपर्यंत नेऊन तिने मुलाच्या बाजूने निकाल मिळवला आणि 1926 मध्ये स्वतः पायउतार होऊन गादी त्याला दिली. हमीदुल्लाला मुलीच होत्या. 1928 मध्ये त्यातली थोरली, आबिदा सुलतान, रीतसर वारस जाहीर झाली, आणि मुलीला वारस करायला त्या वेळी भोपाळात नवा युक्तिवाद लागला नाही, सिकंदरने मिळवलेला दाखला हाताशी होताच. संस्थान 1 जून 1949 ला भारत सरकारच्या ताब्यात गेलं, आबिदा पुढच्या वर्षी पाकिस्तानात गेली, आणि 1960 मध्ये हमीदुल्ला वारल्यावर बेगम हा किताब त्याच्या दुसऱ्या मुलीकडे, साजिदा सुलतानकडे आला. क्रिकेटवाले मन्सूर अली खान पतौडी हे तिचेच चिरंजीव.